वळणावरचा पहारा

म्हातारा आजही होताच. बसथांब्याच्या आडोशाला उभं राहून तोरुननं पाहिलं. हल्वोर हातातला टॉर्च हलवत पोरीच्या मागून चालला होता. नोव्हेंबर सरत आला की या खाडीवर सकाळी उजाडतच नाही. मुलं अंधारातूनच शाळेला जातात. पिवळ्या जाकिटांवरच्या पट्ट्या गाडीच्या उजेडात लकाकतात, तेवढीच काय ती त्यांची खूण.

थोडं अंतर राखून तोरुन निघाली. आठ वर्षांच्या पोरींना आईनं शाळेपर्यंत पोचवलेलं आवडत नाही. मैत्रिणी चिडवतात. म्हणून ती अशी लपतछपत यायची. पण रोज यायची. गेल्या हिवाळ्यात लाकडाचा ट्रक घसरला होता, तो शाळेखालच्या वळणावरच. तेव्हापासून तिची झोप उडाली होती. पहाटे जरा डोळा लागला, की ब्रेकची किंकाळी कानात घुमायची आणि ती दचकून उठून बसायची.

त्यात आता हा म्हातारा. उभी हयात फेरीबोटीवर काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर घरी स्वस्थ बसायचं सोडून लहान पोरीच्या मागे मागे कशाला फिरतो?

काल तिनं दुकानवाल्या येर्तरूडला विचारलंही होतं. "त्याच्या नजरेत काहीतरी आहे. आधी माझ्याकडे बघतो, मग ईदाकडे."

पाव बांधता बांधता येर्तरूडचा हात थबकला. "हल्वोर? अगं, तो मुंगीलाही दुखवायचा नाही."

"मग फिरतो कशाला?"

"तू जेवतेस ना नीट?" येर्तरूड म्हणाली. "बस जरा. कॉफी ठेवते."

तोरुन पाव न घेताच निघून आली होती. अख्खं गाव त्या म्हाताऱ्याला पाठीशी घालत होतं.

वळणाजवळ रस्ता गोठून काचेसारखा झाला होता. पोर घसरली, आपटली, आणि तेवढ्यात चढावरून गाडीचे दिवे आले. हल्वोर मागे राहिला होता. म्हाताऱ्याचे पाय ते, धावून धावून किती धावणार?

"ईदा!" तोरुन ओरडली.

पोरीनं वळूनही पाहिलं नाही. टोपी कानांवर घट्ट ओढलेली. तोरुन धावली, गुडघ्यांवर आदळली, तशीच घसरत पुढे गेली. जाकीट मुठीत धरून तिनं पोरीला कडेच्या बर्फात खेचलं. गाडी हॉर्न वाजवत निघून गेली.

पोर छातीशी होती. उबदार, जिवंत. आता हिला सोडायचंच नाही, तोरुनला वाटलं.

"लागलं नाही ना, सोन्या? मी आहे. आई आहे."

पोरीनं अंग चोरलं. हात सोडवून घेतला आणि धावत जाऊन हल्वोरला बिलगली. त्यानं वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तिला शाळेच्या उजळ खिडक्यांकडे वळवलं. ती फाटकाच्या आत जाईपर्यंत तो तिच्या वाटेवर टॉर्च धरून उभा राहिला.

"काय शिकवलंत माझ्या पोरीला?" तोरुनचा आवाज फाटला. "मला बघून पळते ती!"

"तोरुन, बाई, तुझ्या गुडघ्यातून रक्त येतंय."

"येऊ दे. आज मी नसते तर?"

"खरंय. तूच वाचवलंस तिला. तुझे हे उपकार मी विसरायचा नाही."

"मग रोज तिच्या मागे का असता?"

"जपायला सांगितलंय मला."

"कुणापासून?"

हल्वोरनं टॉर्च विझवला. 

तोरुन पुढे झाली. त्याची बाही धरून तिनं गदागदा हलवली. "मी विचारतेय तुम्हाला! कुणी सांगितलं?"

"तिच्या आईनं," तो म्हणाला. "ती ईदा नाही, बाई."