मनोऱ्यावर तिघं

“एक फोटो काढाल?” परदेशी मुलीने हातवारे करत विचारलं आणि आपला फोन शेजारच्या तरुणाच्या हातात दिला.

घड्याळाच्या मनोऱ्याची ती वरची गच्ची. मनोरा फार उंच नव्हता, पण सगळं शहर दिसायचं. मुलगी विशीतली, एकटीच फिरायला निघालेली. गेले कित्येक दिवस तिच्याशी कुणी बोललं होतं ते गाडीत बसवायला, नाहीतर काहीतरी गळ्यात मारायला. फोनमध्ये सगळ्या इमारती. आईला पाठवायला स्वतःचा एकही फोटो नव्हता.

तरुण लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याच्यासोबतची तरुणी म्हणजे बालवाडीतल्या बाई. दोघांची ओळख आजचीच. त्याची मावशी आणि तिची आत्या यांनी ही भेट जमवून आणली होती आणि आता दोघी खाली बाकावर बसून वरच डोळे लावून होत्या.

बोलणं मात्र काही केल्या जमत नव्हतं.

“तुम्हाला गाणी आवडतात?” बाईंनी मघाशी हळूच विचारलं होतं.

“नको, आत्ताच प्यायलो,” तो म्हणाला होता.

बाईंना वाटलं, माणूस एकतर घुमा आहे, नाहीतर चेष्टा करतोय. खाली गेलं की नकार कळवायचा, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मिस्त्रीने फोटो काढला. फोन परत घेतला तरी मुलगी जाईना. कठड्यापाशी येऊन दोघांच्या मधोमध उभी राहिली आणि समोर बोट करून म्हणाली, “ते काय आहे?”

“तो राजवाडा,” मिस्त्री मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागला. “पण तो सगळेच बघतात. त्याच्या मागे निळी टाकी दिसते का? तिच्याजवळची ती उंच इमारत. तिथली लिफ्ट माझ्या हातची. वर्ष झालं, एकदाही अडकली नाही.”

मुलीने राजवाडा सोडून टाकीचा फोटो काढला. मिस्त्रीची कळी खुलली. पलीकडचा पूल दाखवून तो म्हणाला, “तिथे मी सायकल शिकलो. सायकलसकट नदीत पडलो.”

मुलगी खळखळून हसली. बाईंनाही राहवेना. त्यांनी लाल पत्र्याची छपरं दाखवली. “ती आमची शाळा. आवारात मोठं झाड आहे ना, पोरं रुसली की त्यामागे जाऊन बसतात.”

“काय?” मिस्त्रीने विचारलं.

बाईंनी पुन्हा सांगितलं, तितक्याच हळू.

“काय म्हणालात?”

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

मुलीला ते झाड नीट टिपायचं होतं. ती कठड्याच्या दगडी पायरीवर चढली, फोन पुढे धरला आणि कमरेपर्यंत बाहेर वाकली.

“मागे हो! आधी मागे हो बघू!” बाई कडाडल्या.

मुलीला एक शब्द कळला नाही, तरी तिने टुणकन खाली उडी मारली. गच्चीवरचे दोन सद्‌गृहस्थही निमूट मागे सरले. छज्ज्यावरची कबुतरं फडफडत उडाली. खाली बाकावर आत्याने कपाळाला हात लावला.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. “आत्याने शंभरदा बजावलं होतं,” त्या पुटपुटल्या. “आवाज चढवू नकोस म्हणून. आधीची दोन स्थळं आवाजापायीच गेली.”

“काय?”

आता मात्र बाईंचा संयम सुटला. “माझा आवाज असाच आहे म्हटलं! वर्गभर पोरं आवरायची असतात मला, कुजबुजून आवरत नाहीत ती!”

मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“आल्यापासून तुमचं हे पहिलं वाक्य मला धड ऐकू आलं,” तो म्हणाला. त्याने डाव्या कानावर बोट ठेवलं. “हा लहानपणी तापात गेला. मावशी म्हणाली, पहिल्याच भेटीत तो विषय काढू नकोस. पण लपवून काय करू? उद्या तुम्ही हाक माराल आणि मी ढिम्म उभा.”

“मग मघाशी गाणी?” त्यांनी विचारलं. आता मोकळ्या आवाजात.

“कुठली गाणी?”

“आवडतात का, असं विचारलं होतं मी.”

“गाणी होय! मी पाणी ऐकलं.”

बाईंना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. मिस्त्रीही कठडा धरून हसत सुटला.

परदेशी मुलगी कानकोंडी होऊन दोघांकडे बघत होती. आपल्यामुळे यांचं भांडण पेटलं असं तिला वाटलं होतं. आता हसू बघून तिचा जीव भांड्यात पडला. “माझे आईबाबा पण असेच,” ती म्हणाली. “आधी ओरडतात, मग हसतात.” आणि मिस्त्रीच्या उजव्या बाजूला येऊन तिने त्याला काहीतरी विचारलं. त्याचे कान लाल झाले, दोन्ही.

“काय म्हणते?” बाईंनी विचारलं. वाऱ्यात त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं.

“विचारतेय...” तो अडखळला. “आपल्या लग्नाला किती वर्षं झाली.” मग खाली बघत म्हणाला, “काय सांगू हिला?”

बाईंनी ओढणी सावरली. शहरावरून एकदा नजर फिरवली. मग वर्गात हजेरी घेतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“सांगा, अजून व्हायचंय!”

खाली बाकावरच्या दोघी ताडकन उभ्या राहिल्या.