आईच्या नावाचा डबा

"बाबा, प्लीज, आज ती डब्याची स्टोरी नको," अस्मिता म्हणाली.

"अगं, व्हिएतनामचीच तर आहे. आवडेल त्यांना," चारुदत्त म्हणाला.

अस्मिताच्या होणाऱ्या सासूबाई, लान, अमेरिकेतल्या बॉथेलच्या घरी पहिल्यांदाच जेवायला येत होत्या. मूळच्या हनोईच्या. विहीणबाईंपुढे काही कमी पडू नये म्हणून सुलेखाने सकाळीच लाडवांचं बेसन भाजलं होतं. मान खाली घालायला लावणारी गोष्ट घरात एकच होती आणि ती नवऱ्याच्या जिभेवर होती.

वरणभात होईपर्यंतही त्याला दम निघाला नाही.

"नुकतंच लग्न झालं होतं," त्याने इंग्रजीत सुरुवात केली. "तुमचा देशही टुरिस्टांना नुकताच खुला होत होता. सरकारी गाइड सावलीसारखा मागे. आम्ही लाडू नेले होते, माझ्या आईचं नाव घातलेल्या स्टीलच्या डब्यात. आणि हनोईच्या हॉटेलात डबा गायब! मी मॅनेजरला बोलावलं. खोली झाडणाऱ्या बाईच्या पिशवीत निघाला. लाडू जसेच्या तसे! कम्युनिझम ना, तुझं ते माझं!"

तो एकटाच हसला.

"मग?" लानने विचारलं.

"मग काय, नोकरी गेली. आमच्यासमोरच हाकललं तिला."

"काही बोलली ती?"

"चकार शब्द नाही. नुसती हिच्याकडे बघत राहिली. ही बिचारी रडायला लागली. नवी सून, सासूचा डबा हरवला असता तर?"

"दिसायला कशी होती?"

"आता कुठलं आठवतंय!" त्याने फळीवरचा डबा काढून टेबलावर ठेवला. "हाच तो."

सुलेखा तो दर दिवाळीला घासायची, पण त्यात कधी काही भरायची नाही. ती उठून आत गेली. मागोमाग अस्मिता आली.

"आय ॲम सो अशेम्ड, आई."

"मलाही लाज वाटते गं," सुलेखा म्हणाली.

लान निघाल्या तेव्हा सुलेखाने त्याच डब्यात लाडू भरले आणि तो त्यांच्या हातात दिला.

"अगं, आईचा डबा तो! प्लॅस्टिकचा दे ना," चारुदत्त म्हणाला.

सुलेखा सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीतच बोलली.

"या वेळी कुणाला बोलावू नका. तेव्हाही तो मीच दिला होता."