अमुक अण्णांचा वाढदिवस

शुक्रवार पेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानात अभिमन्यू बॅनर करायचा. गिऱ्हाइकाचा फोटो येईपर्यंत जागा रिकामी दिसू नये म्हणून त्यानं कॉम्प्युटरकडून एक चेहरा बनवून घेतला होता. पांढरा शर्ट, काळा गॉगल, जोडलेले हात आणि खाली नाव, 'अमुक अण्णा तमुक'. मानसिंगदादांच्या वाढदिवसाला घाईघाईत तोच नमुना छापला गेला आणि सकाळी चौकात झळकला.

नगरसेवक व्हायला निघालेले दादा दुकानात शिरले ते तणतणतच. "आरं, वाढदिवस माझा आन् थोबाड कुणाचं लावलंस?"

"चुकलं, दादा. त्यो खरा माणूसच न्हाय. नुसता नमुना हाय."

तेवढ्यात हार घेतलेली चार माणसं आत डोकावली. "अमुक अण्णा कुटं भेटत्याल वो? शुभेच्छा द्यायच्या हुत्या."

ती जातात न जातात तोच दादांचा फोन वाजला. पक्षाच्या कार्यालयातून विचारणा होती, की चौकातले ते अण्णा आपल्याकडं येतील का. दादा "बोलून बघतो, साहेब" म्हणाले आणि त्यांनी फोन खिशात घातला.

अभिमन्यूनं घाबरत माऊस हातात घेतला. "आत्ता बदलतो, दादा. तुमचा फोटो चांगला मोठा टाकतो."

"मोठा नगं," दादा आवाज खाली आणत म्हणाले. "अण्णास्नी हाय तितंच ऱ्हाऊ दे. मला खाली शुभेच्छुकांत घे. जरा त्यांच्या जवळ घे की."