साकिउसाची शिवी

साकिउसाने शिवी दिली नाही. टॅक्सीतून उतरला, मुलीचा हात धरून पायऱ्या चढला, दारात चपला काढल्या आणि कितिओनेपुढे किंचित वाकून म्हणाला, "नमस्कार. आपली तब्येत कशी आहे?"

कितिओने चपापला.

दोघांच्या गावांचं नातं तौवूचं. म्हणजे मूळपुरुष एक, म्हणून एका गावच्या माणसाने दुसऱ्या गावच्या माणसाला भेटल्याबरोबर शिव्या घालायच्या, त्याच्या अंगावरचा शर्ट आवडला तर काढून न्यायचा, आणि ज्याचा शर्ट गेला त्याने हसायचं. शिक्षक कॉलेजात पहिल्याच रात्री साकिउसाने कितिओनेची उशी पळवली होती. तिथून सुरू झालं ते थांबलंच नाही. लग्नात शिव्या, बढतीला शिव्या, पाद्रीबाबांसमोर शिव्या. साकिउसा ब्रिस्बेनला मुलीकडे राहायला गेला तेव्हा फोनवरून शिव्या. अलीकडे फोन येईनासे झाले होते, पण म्हातारपणी कोणाचे येतात?

आणि आज म्हणे, आपली तब्येत!

याचा अर्थ एकच. साकिउसाला कळलं होतं. कितिओनेच्या पोटातल्या गाठीबद्दल सुवा शहरातल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते तो आणि त्याची बायको वासिती यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. मरणाची त्याला भीती होती, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त भीती गोड बोलण्याची होती. त्याचा थोरला भाऊ आजारी पडला तेव्हा सगळं गाव त्याच्याशी इतकं मऊ बोलायला लागलं की तो बिचारा जिवंतपणीच परका झाला. कितिओनेला एक दिवस हवा होता. जुन्या सोबत्यांत नुसतं कितिओने म्हणून बसायचं, शिव्या खायच्या. त्यासाठीच तर त्याने सगळ्यांना घरी बोलावलं होतं.

"बाबांना जरा सांभाळून घ्या हं, काका," साकिउसाची मुलगी जाता जाता म्हणाली. "जुन्या माणसांत त्यांना बरं वाटेल." ती टॅक्सीने बाजारात निघून गेली. कितिओने तडक स्वयंपाकघरात शिरला.

"सांगितलंस ना त्याला?"

"काय सांगितलं?" वासिती डालोचे कंद सोलत होती.

"मग तो नमस्कार का घालतोय मला?"

"मला काय विचारता? प्रवासाने दमला असेल. शपथ घेतलीय मी, मोडायची नाही. जा, बसा त्याच्याजवळ. आणि तोंड नीट करा, पाहुणे आलेत."

ओसरीत चटईवर यंगोनाचं, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाचं, भांडं मधे ठेवून गप्पा रंगल्या होत्या. रामरूप मास्तर आपले नवे गुडघे दाखवत होता. "ऑकलंडचे आहेत. इथल्या नौसोरीच्या चिखलात चालायला नाही म्हणतात." सुलुएती, निवृत्त मुख्याध्यापिका, सांगत होती की चर्चच्या गायनातला एक विधुर तिला रोज पपई आणून देतो. "घेते मी. पपईला कोण नाही म्हणतं?"

सगळे हसले. साकिउसाही हसला, पण जरा मागून, इतरांकडे पाहून. कितिओनेचं गप्पांत लक्ष नव्हतं. सुलुएतीने माशाचा मोठा तुकडा कितिओनेच्याच पानात का वाढला? रामरूप आपल्याकडे बघायचं टाळतोय का? सगळ्यांनाच कळलंय का?

शेवटी त्याला राहवेना. यंगोनाची करवंटी भरून तो साकिउसापुढे जाऊन बसला. "बोल ना रे काहीतरी. नेहमीसारखं."

साकिउसाने करवंटी दोन्ही हातांनी घेतली. "फार छान घर आहे आपलं," तो म्हणाला. "माफ करा हं, आपण कोणत्या गावचे?"

रामरूपचा हात गुडघ्यावरच राहिला. कितिओनेने मित्राच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे दया नव्हती. ओळखही नव्हती. त्याला गाठ ठाऊक नव्हती आणि कितिओनेही ठाऊक नव्हता.

"नुकुलेवूचा," कितिओने कसाबसा म्हणाला.

साकिउसाची पाठ ताठ झाली. "नुकुलेवू? मग आधी सांगता येत नाही, भामट्या? मघापासून आपण-आपण करून माझी जीभ सुकली! नुकुलेवूचा माणूस आणि चांगल्या माणसांच्या पंगतीला? तुमच्या गावच्या कोंबड्यासुद्धा लाजेने दुसऱ्याच्या अंगणात अंडी घालतात! आण तो टॉवेल इकडे." आणि त्याने कितिओनेच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून आपल्या खांद्यावर टाकला.

आधी सुलुएतीला हसू फुटलं, मग रामरूपला. कितिओने पोट दुखेपर्यंत हसला, आणि ते खरंच दुखलं.

"तुमच्या गावचा एक नग माझ्याबरोबर कॉलेजात होता," साकिउसा म्हणाला. "कितिओने. असला कद्रू, असला उर्मट! ओळखतोस?"

"ओळखतो."

"बरा आहे ना?"

वासिती डालोचं ताट घेऊन दारात उभी होती. रामरूप आणि सुलुएती ऐकत होते. कितिओनेने एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "पोटात गाठ आहे. फार दिवस नाहीत."

साकिउसाने खांद्यावरचा टॉवेल काढला, मांडीवर घेतला आणि त्याची घडी घालत बसला. मग तो पुढे झुकला आणि कितिओनेच्या कानाशी लागून हळूच म्हणाला, "मला कळलंय हे त्याला सांगू नकोस हं. मी गोड बोलायला लागेन या भीतीनेच आधी मरेल गाढव."