कोण डीटर?

"कोण डीटर? आमच्या गल्लीत नाई बा असा कोणी," शोभाबाईंनी फाटकातूनच हवालदाराला सांगून टाकलं. मागं दोरीवर सहा फुटी डीटरची लांबलचक पँट वाळत होती. शोभाबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

पिपरी मेघेतल्या त्या गल्लीचा जुना कायदाच तसा होता. खाकी कपड्यानं कोणाचं नाव विचारलं, की तो माणूस गल्लीत जन्मलाच नाही. शेजारच्या कोकिळाबाईंनी नुसती मान हलवली. पानठेल्यावरच्या नत्थूजींनी तर हवालदार चंद्रभानलाच गार केलं. "जर्मन? अहो, आमच्या इथं नळाले पाणी येत नाई, जर्मन कुठून येईन?"

डीटर दीड वर्षापासून शोभाबाईंच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होता. सूतगिरणीत नवीन यंत्रं बसवायला आलेला. शोभाबाईंच्या हातचं वांग्याचं भरीत आणि तोंडची भाषा, दोन्ही त्याच्या अंगी लागली होती. संध्याकाळी तो सायकलवरून उतरला, तशा त्या फुशारकीनं म्हणाल्या, "पोलीस आलता तुले पाहाले. पत्ता लागू देल्ला नाई!"

डीटर मटकन पायरीवर बसला. त्याचा राहण्याचा परवाना संपत आला होता. मुदत वाढवायची, तर हा माणूस खरंच इथं राहतो असं पोलिसानं घरी येऊन लिहून द्यायचं होतं. नाही लिहिलं, तर बोजाबिस्तरा बांधून सरळ जर्मनी. आणि डीटरला तर जायचंच नव्हतं.

"अरे देवा! म्हनजे पोराले मीच घराबाहेर काढलं," शोभाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्या दिवशी घरात धड कोणी जेवलं नाही.

गिरणीच्या साहेबांनी हातापाया पडून चंद्रभानला पुन्हा पाठवलं. या वेळी सारी गल्ली फाटकात. राहतो, राहतो, एकच गलका! झालं, चंद्रभान बिथरला.

"काल नाई म्हनत होते, आज सारेच हो म्हनून राह्यले. मले येडा समजता काय? शिकवून ठेवलेले साक्षीदार हायेत हे."

शोभाबाईंनी पँट दाखवली. "दोरीवर कोणाचीबी पँट टाकता येते." खोली दाखवली, भिंतीवरचा त्याच्या आईचा फोटो दाखवला. "आजच टांगला असन." चंद्रभाननं पेनाचं टोपण काढलं. शोभाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात त्याला काहीतरी आठवलं. खिशातून दुसरा कागद काढून त्यानं समोर उभ्या डीटरलाच विचारलं, "बरं, अंकुश कोण हाय इथं? बिना लायसनची गाडी चालवते म्हने. समन्स हाय त्याचं."

अंकुश म्हणजे शोभाबाईंचा पुतण्या. डीटरच्या शेजारीच चहाचा ट्रे धरून उभा. कपबशा वाजायला लागल्या.

डीटरनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"कोण अंकुश? आमच्या गल्लीत नाई बा असा कोणी."

चंद्रभाननं त्याला खालून वर न्याहाळलं. ट्रेमधला एक कप उचलला आणि डीटरच्या कागदावर लिहिलं, 'इथलाच आहे. खात्री पटली.'