मासा मरायची वाट

या हो, जरा पुढे सरकून बसा. बुवा पाणी पिताहेत, पेटी थांबली आहे, तेवढ्यात पिंप्राळ्यातल्या एका शहाण्या घराची गोष्ट ऐका.

शालिग्रामनानांच्या घरी, रंगीत टीव्हीशेजारच्या काचेच्या पेटीत मासा उताणा तरंगत होता. आणि सगळं घर खूश होतं.

नाना केळीचे व्यापारी. मुलाचं लग्न झालं त्याच आठवड्यात त्यांचा भरलेला ट्रक उलटला. ड्रायव्हरला डुलकी लागली होती, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. घरात मात्र ठरलं, नवी सून लता पांढऱ्या पायाची. मग एका ज्योतिष्याने सांगितलं, सोनेरी मासा पाळा. घरावरचं संकट तो अंगावर घेईल. तो मेला की तुम्ही सुटलात. झालं! मासा आला. संकट सोसायला ताकद नको का? म्हणून जो तो त्याला भरवू लागला. पावाचा चुरा, शेव, देवापुढची बुंदीसुद्धा. देवाला नुसती घंटा आणि प्रसाद माशाला! त्याचं पोट टरारून फुगलं. एके सकाळी तो कलंडला, उताणा झाला, खाली जाईचना.

नानांनी पेटीला हात जोडले. "घेतलंस रे बाबा, घेतलंस! लता, हा गेला की तुझ्यावरचा बोल गेला."

लताला माशाचं दुखणंही कळत होतं आणि आपली सुटकाही. तिचा भाऊ चाळीसगावला पाळायचे मासे विकायचा. असली दुखणी तिने पाहिलेली. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावर त्याचा तोल. खाऊन पोट तुंबलं, वर पौषातलं गारठलेलं पाणी, की पिशवी दबते आणि मासा उलटतो. संकट कसलं? अजीर्ण! पण ती नुसती हात बांधून बसली असती, तरी सुटली असती. माशाबरोबर तिचा डागही गटारीत गेला असता.

ती पेटीपाशी गेली. कल्ले धपापत होते.

तिने खाण्याचा डबा कपाटात कोंडला. पाणी कोमट राहावं म्हणून पेटीला चिकटून पिवळा दिवा लावला.

"त्याला उपास आहे," ती सगळ्यांना सांगे.

"असू दे, असू दे," नाना म्हणाले. "जाताना तेवढंच पुण्य."

तीन दिवस मासा उपाशी राहिला. मग लताने मटाराचा दाणा उकडला, साल काढली आणि चिमटीत कुस्करून पाण्यात सोडला. दुसऱ्या दिवशी मासा सरळ होऊन पेटीभर हिंडत होता.

कोणी मेलं नव्हतं, तरी घरात सुतक पसरलं. सासू धुरपदाबाईंनी कपाळावर हात मारला.

"मासा ते वाची गया! आते ते संकट कोनावर जाई?"

सगळ्यांचे डोळे लताकडे वळले. नवऱ्याचेसुद्धा.

"टाका माझ्यावर, आत्याबाई," लता म्हणाली. "तो मुका होता, गुमान मरत होता. मला तोंड आहे."

नाना तडक ज्योतिष्याकडे निघाले, आता कोणतं जनावर आणावं ते विचारायला. जाऊ द्या त्यांना. तुम्ही देवापुढे हात जोडाल, तेव्हा लताची तेवढी आठवण ठेवा.