एकाच बाकावर दोन विहिणी

"प्रार्थना संपली की शेजारच्याशी हात मिळवा," असं पाळकांनी सुरुवातीलाच सांगितलं आणि टेलरबाईच्या जिवाला थंडावा मिळाला. ती आली होतीच तेवढ्यासाठी. शेजारी विहीण बसली होती. तिचा हात पुढे येईल, तेव्हा आपण हात मांडीवर ठेवून समोर बघत राहायचं. सगळ्यांसमोर लोंबकळू दे बाईचा हात.

दोन्ही चर्चची एकत्र उपासना पहिल्यांदाच होत होती. टेलरबाई कॅथलिक, विहीण प्रॉटेस्टंट. लेकीने हट्टाने दोघींना एका बाकावर बसवलं होतं आणि रडणाऱ्या बाळाला घेऊन स्वतः बाहेर सटकली होती. त्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी टेलरबाईने पांढरा झगा शिवला होता, गळ्याशी हाताने वेल भरून. तो अजून ट्रंकेतच होता. विहिणीने एका सकाळी, हिला कानोकान खबर न लागू देता, आपल्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा उरकला होता.

"आमच्यात असंच असतं," एवढंच ती वर म्हणाली होती.

त्याआधी विहिणीच्या पोराच्या लग्नात टेलरबाईच्या चर्चच्या फादरांनी विहिणीला नेमकं हेच ऐकवलं होतं. कम्युनियनच्या, म्हणजे प्रभूची भाकर घ्यायच्या रांगेतून ती पुढे गेली, हात पसरला, आणि ती कॅथलिक नाही म्हणून फादरांनी काही न देताच तिला परत पाठवलं. बाई बेकरीवाली, तिच्या चर्चला या विधीचा पाव तीच पुरवते. भरल्या चर्चमधून ती रिकाम्या हाताने जागेवर आली, तेव्हा टेलरबाईला हसू आवरलं नव्हतं.

प्रार्थनेला सगळे उभे राहिले. दोन्हीकडचे शब्द थोडे वेगळे होते, पण ज्याने त्याने आपापले रेटले. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' या ओळीपर्यंत टेलरबाईचा आवाज खणखणीत होता. मग क्षमेची ओळ आली: आमचं वाईट करणाऱ्यांना आम्ही क्षमा करतो, तशी तू आम्हांला कर. बाळाच्या बाप्तिस्म्यापासून ही ओळ ती गाळत आली होती. देवाशी खोटं कशाला बोला? तिने ओठ मिटले.

शेजारचाही आवाज बंद झाला होता. टेलरबाईने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. विहीण ओठ घट्ट मिटून उभी होती.

"तुम्हीपण?" टेलरबाई पुटपुटली.

"लग्नापासून," विहीण समोर बघत म्हणाली. "तुम्ही हसलात ना, तेव्हापासून."

पुढची ओळ दोघींनी एकदम उचलली. शेवटी कॅथलिक मंडळी थांबली, प्रॉटेस्टंट आणखी एक ओळ म्हणत राहिली, आणि थोडी हसाहस झाली. या दोघी हसल्या नाहीत. इतक्या दिवसांत टेलरबाईला ही बाई पहिल्यांदाच आपल्यातली वाटली, आणि त्याचाही तिला संताप आला.

विहिणीचा हात पुढे आला. टेलरबाईने तो हवेत ठेवला नाही. कापड कापून कणखर झालेल्या बोटांनी तिने तो धरला आणि जीव खाऊन आवळला. विहिणीचा हात पीठ मळणारा होता. तिनेही आवळला. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा," पाळक गहिवरून म्हणाले, "याला म्हणतात एकी."

सगळे बसले. त्या दोघी उभ्याच होत्या. हात आधी कुणी सोडायचा, ते ठरत नव्हतं.